बिनकाचेचं मशीन

प्रनोमच्या घरचं जुनं वॉशिंग मशीन एका मंगळवारी सकाळी, कपडे निम्मे धुऊन झालेले असताना, एकदाच जोरात किंचाळलं आणि कायमचं गप्प झालं. बावीस वर्षं कुरकुरत का होईना काम केलेल्या यंत्राने असं भर धुण्यात जावं, हे प्रनोमला मुळीच आवडलं नाही. जायचं तर रिकाम्या पोटी जावं. निदान आपल्या पोटात काय आहे, याचा तरी विचार करावा.

किंकाळी ऐकून पुढच्या ओसरीवर पेपर वाचत बसलेला थावी मागच्या अंगणात आला. थावी म्हणजे प्रनोमचा नवरा. उत्तर थायलंडमधल्या उत्तरादितच्या जमीन कचेरीत चौतीस वर्षं मोजणीदार होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. मोजायला जमीन उरली नाही, तेव्हापासून तो घरात दिसेल ते मोजायचा. गळ्यात बुद्धमूर्तीचे पाच ताईत, कमरेला मोजपट्टी, हातात स्क्रू ड्रायव्हर, अशा पूर्ण गणवेशात तो मशीनसमोर उभा राहिला.

“झाकण उघडून बघतो,” तो म्हणाला.

“हात लावू नका!” प्रनोम ओरडली. “करंट येतोय!”

थावीचा हात हवेतच थांबला.

“येतोय खरा,” मागून आवाज आला. “मघाशी मलाही बसला.”

सासूबाई होत्या. बुन्रॉदबाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी, सुपारी खाऊन लाल झालेलं तोंड आणि काठीपेक्षा ताठ कणा. प्रनोमने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. करंट येत नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो तिने आत्ताच, उभ्या उभ्या, तयार केला होता. आणि सासूबाईंनी या मशीनला बावीस वर्षांत बोट लावलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. मग यांना बसला तो कुठला?

पण संशय घ्यायला सवड नव्हती. थावी मेन स्विच बंद करायला घरात वळला, तेवढ्यात तिने झाकण उघडलं, त्याच्या तीन शर्टांच्या बाह्यांतून आपली हिरवी फातुंग ओढून काढली, बादलीत कोंबली आणि बादलीवर टोपली पालथी घालून टोपलीवर बसली.

फातुंग म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र. त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. असं म्हणणारा उत्तरादितचा नसणार. बाईची फातुंग आणि पुरुषाचा शर्ट एका पाण्यात पडू द्यायचे नाहीत, हा नियम तिथे कुणी शिकवत नाही; तो नाकासारखा जन्मापासूनच असतो. पडले तर पुरुषाचं तेज उतरतं आणि गळ्यातल्या ताईतांची नुसती माती उरते. थावीच्या अंगणात दोऱ्यासुद्धा दोन होत्या. शर्टांची उंच, उन्हात. फातुंगांची बुटकी, फणसाच्या मागे. बुटकीखालून थावी कधी गेला नाही. फणस काढायचा झाला तर तो कुंपणाबाहेरून, शेजारच्या चमोयताईंच्या हद्दीतून काढायचा.

आणि प्रनोम एकोणीस वर्षं दोन्ही एकत्र धूत होती.

सुरुवात साधी होती. मनगट मोडलं होतं, हात प्लास्टरमध्ये होता, एका हाताने फातुंग पिळता येत नव्हती. एक दिवस तिने डोळे मिटून ती मशीनमध्ये टाकली आणि दिवसभर नवऱ्याकडे चोरून बघत राहिली. नवऱ्याला काही झालं नाही. उलट संध्याकाळी त्याला लॉटरीचे शेवटचे दोन आकडे लागले. मग मनगट बरं झालं, सवय काही गेली नाही. रोज मशीन सुरू करून ती बाजारात जायची. परत आली की धुतलेली फातुंग काढून घमेल्यात बुडवायची आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशी दगडावर चार वेळा आपटायची. हाताने धुण्याचा आवाज तिला इतका छान जमला होता की थावी ओसरीवरून म्हणायचा, “पुरे गं, फाटेल.”

पण या एकोणीस वर्षांत थावीच्या नशिबानेही हात आखडता घेतला होता. कचेरीचा मुख्य होण्याची त्याची पाळी आली, तेव्हा फित्सानुलोकहून कुणीतरी उपटसुंभ येऊन बसला. एकदा स्कूटरसकट तो कालव्यात गेला. दारचं दुरियनचं झाड एका वर्षी अचानक फळायचं थांबलं. “कुठे काय चुकलं कळत नाही,” असं तो अधूनमधून आकाशाकडे बघून म्हणायचा, आणि प्रनोम भांडी जरा जास्त जोरात घासायची. गोष्ट उघडी पडली तर मुख्याची खुर्ची, कालवा आणि दुरियन, तिन्ही तिच्या एकटीच्या माथी बसणार होती.

म्हणून नवं मशीन कुठलं घ्यायचं, याबद्दल तिची एकच अट होती. आत काय चाललंय ते बाहेरून दिसता कामा नये. आणि ही अट ती कुणालाही सांगू शकत नव्हती.

*

मशीन बिघडल्याची बातमी पसरायला कुंपणाला एक भोक पुरतं. दुपारी चमोयताई खाव-खेपचं, म्हणजे तांदळाच्या पातळ पापडांचं, पाकीट घेऊन हजर झाल्या. सरकारी इस्पितळात त्या मुख्य परिचारिका होत्या, त्यामुळे सल्ला देताना समोरच्याची नाडी धरायची त्यांना सवय होती.

“पुढून दार असलेलं घे,” प्रनोमचं मनगट पकडून त्या म्हणाल्या. “गोल काचेचं. माझ्याकडे आहे ना, तसं. आत कपडे फिरतात ते दिसतं. मन शांत होतं बघ. आमचे हे रोज बघत बसतात, रक्तदाब उतरला त्यांचा.”

“काच फुटली तर?” प्रनोम म्हणाली.

“कशाने फुटेल?”

“चेनने. बटणांनी.”

“अगं, कपडे धुवायचे आहेत की दगड?” चमोयताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “नाडी का एवढी पळतेय तुझी?”

थावी ओसरीवरून उठून आलाच. “काचच हवी,” तो म्हणाला. “चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. डोळ्यांनी दिसेल तेवढंच कागदावर मांडायचं. जुन्या डब्यात आत काय चालायचं कुणाला माहीत? बावीस वर्षं ते खरंच धूत होतं की नुसतं भिजवत होतं, आहे काही पुरावा?”

प्रनोमने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. पुरावा नव्हता, ही तिच्या आयुष्यातली सर्वांत समाधानाची गोष्ट होती.

“मला नको ती काच!” कोपऱ्यातून सासूबाई कडाडल्या. “घरातले कपडे काय चव्हाट्यावर मांडायचे? आलागेला बघणार. माझं ऐकशील तर आंधळं मशीन आण.”

प्रनोमला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. झाला संशय. सासूबाई आणि तिचं चौतीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, मिरचीच्या चटणीत लसूण किती यावरसुद्धा नाही. म्हातारी स्वतःच्या फातुंगा स्वतःच धुवायची. “मला कुणाचा भरवसा नाही” असं वर सांगायची. शर्ट-फातुंगांचा नियमही या घरात तीच राखत आली होती. मग काचेला हिचा विरोध कशाला? काचेमुळे तर हिला आयता पहारा मिळाला असता. का हिला सगळं ठाऊक आहे आणि ही आपल्याला बोलतं करतेय?

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याचकडे बघत होत्या.

*

शनिवारी तिघं शहरातल्या मोठ्या दुकानात गेली. विक्रेत्याचं नाव पायरोत. पन्नाशीचा, घामट, हसरा माणूस. गळ्यात टाय आणि पायात रबरी चपला. त्याने एका हाताने नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि दुसऱ्या हाताने एक गोल दार उघडलं.

“काका, हे बघा. काचेला बावीस अंशांचा कल. वाकायला नको, स्टूल टाका आणि बघा.”

“बावीस?” थावीने खिशातून कोनमापक काढला. “एकवीस.”

पायरोतच्या कपाळावर घामाचा एक नवा थेंब आला.

“वरून झाकणाचं दाखवा,” प्रनोम म्हणाली.

पायरोतने दाखवलं. झाकण काचेचं होतं. दुसरं दाखवलं, तेही काचेचं. तिसऱ्याची काच काळी होती म्हणून तिचा जीव जरा भांड्यात पडला, तर त्याने बटण दाबताच आत दिवा लागला.

“अहो, एकही धड मशीन नाही का तुमच्याकडे? साधं! डोळे नसलेलं!”

पायरोतने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक निळं, जाड प्लास्टिकचं, दोन पिंपांचं मशीन उभं होतं. झाकण दगडासारखं बंद. प्रनोमला ते बघताक्षणी आवडलं. मुलीच्या लग्नासाठी स्थळ बघताना असं कधी वाटलं नव्हतं.

“ते वसतिगृहवाले नेतात, काकू. तुमच्या घराला शोभायचं नाही.”

“आम्हाला शोभायचं नाही,” थावीने लगेच री ओढली. निवृत्त असला तरी सरकारी माणूस होता.

“आपल्याला चालेल,” मागून सासूबाई म्हणाल्या. त्या नमुन्यासाठी ठेवलेल्या मालिशच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज खुर्चीबरोबर थरथरत होता. “ते-ए-ए नि-इ-इळंच घ्या.”

पुन्हा एकमत!

पायरोतने मग आवाज खाली आणून शेवटचा बाण सोडला. “आणि काका, हे काचेचं फोनला जोडता येतं. धुणं झालं की तुमच्या फोनवर निरोप येतो. काय धुतलं तेसुद्धा सांगतं. सुती धुलाई पूर्ण. लोकरी धुलाई पूर्ण. मिश्र धुलाई पूर्ण.”

“मिश्र म्हणजे?” प्रनोमने विचारलं.

“सगळं एकत्र टाकलेलं.”

“आणि ते मशीनला कळतं?”

“काकू, आजकालच्या मशीनला सगळं कळतं,” पायरोत अभिमानाने म्हणाला.

म्हणजे काच तरी परवडली. काच निदान समोर कुणी बसलं तरच बोलणार. हे तर घरभेदी होतं. स्वतः फोन करून सांगणार होतं. प्रनोम त्याच्या चकचकीत पत्र्याकडे असं बघत राहिली, जसं नव्या भाडेकरूकडे बघतात.

थावीने तेच घेतलं.

*

पण घेतलं म्हणजे घरी आलं, असं नव्हे. हमीपत्रासाठी घराच्या नोंदणीच्या निळ्या पुस्तकाची प्रत हवी होती, घर सासूबाईंच्या नावावर, म्हणजे प्रतीवर सही सासूबाईंची. आणि सासूबाई कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो उन्हात धरून बघायच्या.

“मशीनला घराचं पुस्तक कशाला?” त्या म्हणाल्या. “राहायला येणार आहे, की नाव लावायला?”

“आई, नियम आहे.”

“नियम मला नको सांगू. पलीकडच्या आळीतल्या निमांच्या बुआने अशीच सही केली होती पंख्यासाठी. आज पंखा फिरतोय आणि बुआ पुतण्याच्या गोठ्यात.”

आता अशा प्रतीवर ती कशासाठी दिली ते आडवं लिहून द्यायची पद्धत आहे. म्हणजे तिचा दुसरा उपयोग कुणाला करता येत नाही. सासूबाईंनी मजकूर सांगितला, थावीने लिहिला. ‘ही प्रत फक्त वॉशिंग मशीनसाठी असून, घर, अंगण, फणस, विहीर व विहिरीतील पाणी यांवर सदर मशीनचा अथवा त्याच्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.’ एवढं लिहून होईस्तोवर मूळ पानावरचं एकही अक्षर दिसेनासं झालं. पायरोतने प्रत परत पाठवली. दुसरी पाठवली, त्यात सासूबाईंनी विहिरीचा मोटरपंप वाढवला. तीही परत आली. तिसऱ्या वेळी पायरोत स्वतः आला, सासूबाईंसमोर गुडघे टेकून बसला आणि त्यांनी दिलेली सुपारी खाल्ली, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. प्रनोम प्रत्येक वेळी मनातल्या मनात म्हातारीच्या बाजूने होती. आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारत होती, ही नक्की कुणाच्या बाजूने आहे?

मशीन आलं. थावीने अंगणातल्या फरशीचा उतार मोजला, एका पायाखाली जुन्या नकाशाची घडी घातली आणि विहारातल्या भन्तेंना बोलवायला गेला. नव्या गाडीला, ट्रॅक्टरला भन्ते पांढऱ्या गंधाचे ठिपके लावतात, मंत्र म्हणतात. मशीनबद्दल ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

“उपासक, जे चालतं त्याला मी गंध लावतो. गाडी चालते. नाव चालते. हे चालतं का?”

थावी हिरमुसून परत आला आणि त्याने गंधाशिवायच पहिलं धुणं लावलं. कपडे पिळायच्या वेळेला मशीन थरथरलं, नकाशाच्या घडीवरून उतरलं आणि सगळ्यांच्या देखत सासूबाईंच्या दिशेने चांगलं दीड हात चालत गेलं. सासूबाईंनी काठी उगारली, तेव्हा थांबलं.

थावी तसाच धावत विहारात गेला. “भन्तेजी, चालतं!”

संध्याकाळी काचेवर तीन पांढरे ठिपके लागले.

*

मग सुरू झाले प्रनोमचे हाल. थावीने ओसरीवरची खुर्ची उचलून मशीनसमोर मांडली. रोज सकाळी आल्याचा चहा घेऊन तो काचेसमोर बसायचा आणि शर्टांचं धावतं वर्णन करायचा. “निळा वर आला. आता पांढरा. अरे, निळ्याने पांढऱ्याला खाली दाबलं!” चाळीस मिनिटांनी मशीन गाणं म्हणायचं, खिशात फोन वाजायचा आणि थावी समोर बसूनही तो निरोप मोठ्याने वाचायचा: “सुती धुलाई पूर्ण.”

आणि पाच हातांवर, फणसामागे, प्रनोम खरोखरच हाताने फातुंगा धूत असायची. एकोणीस वर्षांनी. आपटण्याचा आवाज आता पूर्वीसारखा सुरेल येत नव्हता. मोडून सांधलेलं मनगट आठवड्याभरात सुजलं. भाकरीएवढं नाही, पण भाताच्या मुदीएवढं नक्कीच.

“आवाज बदलला तुझा,” थावी न वळता म्हणाला. “पूर्वी कशी छान धुवायचीस.”

प्रनोमने दात-ओठ खाल्ले आणि फातुंग दगडावर अशी आपटली की काठ उसवला.

नवल म्हणजे तिकडे सासूबाईसुद्धा वाळत चालल्या होत्या. त्या मोरीत दार लावून स्वतःच्या फातुंगा धुवायच्या आणि बाहेर आल्या की तासभर हात चोळत बसायच्या. बोटं वाकडी झाल्यासारखी दिसत होती. इतकी वर्षं धुताना कधी काही झालं नाही, आत्ताच कसं? प्रनोमला हेही संशयास्पद वाटलं. पण स्वतःचं मनगट ठणकत असताना दुसऱ्याच्या बोटांवर नीट संशयही घेता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात थावीच्या जुन्या साहेबांचा अंत्यविधी ठरला. दुपारी एकला विहारात. काळा शर्ट घालून, केसांना पाणी लावून थावी स्कूटरवर गेला. सासूबाई झोपल्या होत्या. स्कूटरचा आवाज वळणावर विरेपर्यंत प्रनोम ओसरीवर उभी राहिली, मग मागे पळाली.

नवऱ्याचे चार शर्ट. त्यांच्यावर स्वतःची हिरवी फातुंग. दार बंद. चक्रावर ‘सुती’ होतं. पण फातुंग सुती नव्हती आणि नवं मशीन पहिल्याच महिन्यात बिघडवायला तिचं मन होईना. तिने डोळे मिटून ‘मिश्र’ लावलं. नवरा विहारात आहे, तिथे फोन बंदच असणार, असं तिने स्वतःला समजावलं. पाणी भरू लागलं. ती मागे वळली, आणि समोर सासूबाई उभ्या.

काखेत काहीतरी बोचकं होतं. जांभळं. फुलाफुलांचं. फातुंग होती.

दोघी एकमेकींच्या हातांकडे, मग काचेकडे, मग पुन्हा एकमेकींकडे बघत राहिल्या. काचेत हिरवी फातुंग पांढऱ्या शर्टाच्या बाहीत काठ घालून निवांत गोल फिरत होती.

“तुम्हाला झोप नाही का आली, आई?” प्रनोमने कसंबसं विचारलं.

“तू काय बघायला आलीस, मशीनला झोप लागली का?” सासूबाई म्हणाल्या. मग बोचकं पुढे केलं. “थांबव ते. माझीपण घाल.”

“काय?”

“घाल म्हणते ना! पाणी वर चढलं की दार उघडत नाही. थावीने पुस्तिका वाचली, तेव्हा मीपण ऐकलीय.”

प्रनोमने बटण दाबलं. दार टक्कन उघडलं. जांभळी फातुंग आत गेली, दार लागलं, मशीन पुन्हा फिरू लागलं. मग तिला बळ आलं. “आई, तुम्ही किती दिवस…”

“दिवस काय, अठरा वर्षं. तू मशीन लावून बाजारात जायचीस ना? मी झाकण उघडून माझी टाकायची, तू यायच्या आत काढून घ्यायची.”

“पण मग…” प्रनोमच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. “मग तुम्हाला माझी दिसली असेल!”

“दिसली की. एकदा तुझा साबण संपला की काय बघायला झाकण उघडलं, तर हिरवी. म्हटलं, बघू या आता थावीचं काय होतं. वर्षभर वाट पाहिली. काही झालं नाही. मग माझीपण टाकायला लागले.”

प्रनोमला हसावं की रडावं कळेना. एकोणीस वर्षं ती एकटी या पापाचं ओझं वाहत होती, आणि निम्मं ओझं रोज कुणीतरी ती यायच्या आत उचलून नेत होतं. “अहो, पण नियम? त्यांची बढती? तो कालवा?”

“बढती त्याला मिळाली नाही, कारण तो साहेबाच्याच अंगणाची हद्द मोजून साहेबालाच चूक दाखवायला गेला. आणि कालव्यात पडला तो कालवा मोजताना.” सासूबाईंनी वाकडी बोटं चोळली. “पलटणीत भरती झाला तेव्हा मी काय दिलं होतं त्याला? माझ्या फातुंगचा काठ फाडून दिला खिशात ठेवायला. सगळ्या आया देतात. गोळी लागू नये म्हणून. तेव्हा तोच कपडा त्याला राखत होता, आणि पाण्यात पडला की लगेच बुडवतो होय?”

“मग हे त्यांना का नाही सांगत?”

“कोणत्या तोंडाने सांगू? नियम मीच शिकवलाय.”

“पण ती तुमची. आईची. माझी चालेल का?”

“तूपण दोन पोरांची आई आहेस ना? झालं तर मग.”

आणि वळणावर स्कूटरचा आवाज आला.

थावीची स्कूटर. चष्मा विसरला असणार, नेहमी विसरायचा. प्रनोमने बटण दाबलं. दार उघडेना. पाणी वर चढलं होतं. काचेशेजारी आकडा चमकत होता: अडतीस मिनिटं.

दोघी एकदम काचेसमोर पाठ टेकून उभ्या राहिल्या. प्रनोम जाड होती, पण सासूबाई अगदीच काडी, त्यामुळे डावीकडून काचेचा चंद्रकोरीएवढा तुकडा उघडा राहिला. थावी मागच्या दाराने आत आला, खुर्चीवरचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला. मग त्याने दोघींकडे पाहिलं. मग चंद्रकोरीकडे.

चंद्रकोरीतून आधी हिरवं गेलं. मग जांभळं. मग त्याचा पांढरा शर्ट, दोन्हींच्या मधोमध.

पाठीमागे मशीन छपाक छपाक करत होतं. प्रनोम वाट बघत होती: आता खुर्ची येईल, आता कालवा, आता दुरियन. तिने सगळ्यांची उत्तरं तयार ठेवली आणि एकही आठवेना.

थावीने घसा साफ केला. उजवा हात छातीवरच्या ताईतांवर जरासा टेकवला. म्हणाला, “उशीर होतोय,” आणि निघून गेला.

*

तो संध्याकाळी आला, जेवला, झोपला. चकार शब्द नाही. प्रनोमला वाटलं, याहून ओरडला असता तर बरं. सकाळी उठला तो थेट मशीनकडे गेला, काचेची लांबी-रुंदी मोजली, वहीत लिहिली आणि आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

“आई, तुझी एखादी जुनी फातुंग आहे?”

सासूबाईंनी सुपारी गिळलीच. “कशाला?”

“दुपारी ऊन येतं मागे. काच तापते. पडदा लावायला हवा. पुस्तिकेत लिहिलंय.”

पुस्तिकेत असं काहीही लिहिलेलं नव्हतं. प्रनोमने त्याच दिवशी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली, परदेशी भाषांतली पानंसुद्धा.

पडदा त्याने स्वतः शिवला. एकीकडे दोन बोटं आखूड झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप चुकलं होतं. खुर्ची उचलून त्याने परत ओसरीवर नेली. सासूबाईंची फातुंग मशीनच्या गोल डोळ्यावर लोंबत राहिली आणि तिच्याखालून कपडे काढताना प्रनोम रोज तिला वाकून नमस्कार केल्यासारखी दिसायची. पेपर वाचताना थावी ओसरीवरून कधीमधी म्हणायचा, “आज आपटण्याचा आवाज नाही आला गं.” आणि प्रनोम जाऊन ओली फातुंग दगडावर चार वेळा आपटायची. तेव्हा कुठे तो पान उलटायचा.

आठवड्याने तिघं दुपारी जेवायला बसली होती. चिकट भात, मिरचीची चटणी, उकडलेल्या शेंगा. मागे मशीनने आपलं गाणं म्हटलं आणि ताटाशेजारी ठेवलेला थावीचा फोन वाजला.

प्रनोमच्या हातातला भाताचा गोळा हातातच राहिला. सासूबाईंनी चावायचं थांबवलं. थावीने फोन उचलला, चष्मा वर केला, बराच वेळ वाचला. तीन शब्द वाचायला लागतो त्याहून खूपच जास्त वेळ. मग फोन पालथा घालून ठेवला.

“कुणाचा?” सासूबाईंनी विचारलं.

“लॉटरीवाल्यांचा.”

“लागली का?”

थावीने चटणीची वाटी प्रनोमच्या दुखऱ्या हाताजवळ सरकवली. “लागली,” तो म्हणाला. “शेवटचे दोन.”